तळटीपेची जागा

ग्रंथाच्या पानावर तीन ठिकाणें असतात. मधोमध मजकूर, भोंवतीं समास, आणि तळाशीं, एका आडव्या रेघेखालीं, बारीक अक्षरांत बसविलेल्या टीपा. मजकूर लेखकाच्या मालकीचा आणि समास वाचकाच्या पेन्सिलीचा, हें सर्वांस मान्य आहे. तळाची ही पट्टी कोणाची, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक ती तिसऱ्याच माणसाची असते. लेखकानें ज्याचा शब्द प्रमाण मानला, ज्याचें दप्तर चाळलें, किंवा ज्याच्या मताचें खंडन केलें, तो माणूस त्या रेघेखालीं साक्षीदार म्हणून उभा असतो. साक्षीदाराला न्यायाधीशासमोर उभें करावें कीं कचेरीबाहेर झाडाखालीं बसवून ठेवावें, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच टीप पानाच्या तळाशीं असावी कीं ग्रंथाच्या शेवटीं, हाही महत्त्वाचा आहे.

आमच्या अमरावतीस राजापेठेंत प्रबंध टंकित करून व बांधून देणाऱ्या एका दुकानांत मला विद्यार्थ्यांच्या निमित्तानें वारंवार जावें लागतें. विद्यापीठाची मुदत जवळ आली म्हणजे तेथें रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळत असतात. संगणकापुढें बसलेला तरुण आलेल्या विद्यार्थ्यास पहिला प्रश्न कागदाचा विचारतो, दुसरा बांधणीच्या रंगाचा, आणि तिसरा, "टीपा खालीं घ्यायच्या कीं शेवटीं?" पहिल्या दोन प्रश्नांवर विद्यार्थी बराच विचार करतात, तिसऱ्यावर "बरें दिसेल तसें करा" म्हणून मोकळे होतात. जी गोष्ट यंत्रावर एका आज्ञेनें इकडची तिकडे होते ती क्षुल्लकच असली पाहिजे, अशी त्यांची समजूत दिसते. तळटीपेनें आजची जागा कोणत्या वाटेनें मिळविली हें पाहिलें म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

आपल्याकडील पोथ्या लिहिणारांना हा प्रश्न छापखान्याच्या कितीतरी आधीं पडला होता. मूळ आणि त्यावरील टीका एकाच पानावर लिहावयाची असली, म्हणजे मूळ ठळक अक्षरांत मध्यभागीं आणि टीका बारीक अक्षरांत त्याच्या वर व खालीं, अशी रचना करीत. तिला त्रिपाठ म्हणत. टीका डाव्या-उजव्या समासांतही शिरली म्हणजे तो पंचपाठ. ही रचना दिसावयास सुंदर, पण लेखनिकाची परीक्षा पाहणारी. एखाद्या श्लोकावरील टीका दोन ओळींत आटोपते, तर दुसऱ्यावरील तीस ओळी घेते. दोहोंचा मेळ पानापानावर घालावयाचा, तर मुळाच्या ओळी कोठें पांच, कोठें दोन, कोठें एकच, असा हिशेब बोरू उचलण्यापूर्वींच मनांत करावा लागे. वाचणाराची दृष्टि मुळावरून टीकेवर आणि टीकेवरून पुन्हां मुळावर जावी, पान उलटावें लागूं नये, हा त्या सगळ्या खटाटोपाचा हेतु होता. लिहितांना एखादें अक्षर राहून गेलें तर त्या जागीं हंसपादाची खूण करून तें अक्षर समासांत लिहीत, आणि शेजारीं वरून किंवा खालून मोजलेल्या ओळीचा अंक देत. चुकीच्या अक्षरावर हरताळ फांशीत. हरताळ म्हणजे एक पिवळें खनिज. त्याचा लेप अक्षर झांकून टाकी. ज्यांनीं जन्मांत पोथी पाहिलेली नाहीं, तेही आज एखाद्याच्या कर्तृत्वावर हरताळ फांसला गेल्याची तक्रार करतात; शब्द राहिला, लेप गेला.

आमच्या जिल्ह्यांतील मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर आहे. मराठी भाषा विद्यापीठ अलीकडे तेथेंच स्थापन झालें. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनीं ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, आणि लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ प्रत नाहींशी झाली आणि शिष्यपरंपरेनें ती आठवून पुन्हां लिहिली, असें सांप्रदायिक परंपरा सांगते. आठवणाऱ्यांच्या आठवणींत फरक पडणें साहजिक होतें. या मंडळींनीं तो फरक दडपला नाहीं. एकाची आठवण अशी, दुसऱ्याची अशी, हें 'वासना', 'शोधु' यांसारख्या शब्दांनीं खूण करून त्यांनीं मजकुरांतच नमूद केलें. म्हणजे टीप आहे, तिच्या मागें प्रामाणिकपणा आहे, परंतु तिला स्वतंत्र जागा नाहीं. ती मजकुराच्या पंगतींतच बसली आहे. त्यामुळें आजच्या संपादकापुढें जो पहिला प्रश्न उभा राहतो तो अर्थाचा नसून जागेचा असतो: हें वाक्य ग्रंथाचें समजावें कीं ग्रंथावरील टीपेचें? विष्णु भिकाजी कोलते यांनीं १९७८ सालीं लीळाचरित्राची आपली आवृत्ति प्रसिद्ध केली, तोंपर्यंत अनेक विद्वानांचीं वर्षें या एका विवेकांत खर्चीं पडलीं होतीं.

युरोपांत तळटीपेला प्रतिष्ठा मिळाली ती सतराव्या शतकाच्या शेवटीं. पिएर बेल या फ्रेंच पंडिताचा कोश १६९७ सालीं निघाला. त्यांत मूळ लेख पानाच्या माथ्यावर दोन-चार ओळींत गुंडाळलेला आणि खालचें सारें पान टीपांनीं भरलेलें, असा प्रकार ठायीं ठायीं आढळतो. नैवेद्यापेक्षां केळीचें पान मोठें! परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद हकीकत गिबनची आहे. त्याच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ च्या आरंभीं बाहेर पडला, त्या वेळीं टीपा खंडाच्या शेवटीं छापल्या होत्या. डेव्हिड ह्यूम हा स्वतः इतिहासकार. तो त्या वेळीं अखेरच्या दुखण्यानें आजारी होता. तरीही त्यानें प्रकाशकाला पत्र लिहून कळविलें कीं, टीपेचा अंक दिसला म्हणून वाचक खंडाच्या शेवटीं जातो, आणि तेथें बहुधा नुसतें आधारग्रंथाचें नांव त्याच्या हातीं पडतें. हे आधार समासांत किंवा पानाच्या तळाशीं द्यावे. गिबननें ती सूचना मानली, आणि पुढें त्याच्या टीपा पानाच्या तळाशीं आल्या. आज गिबनचें नांव निघालें म्हणजे त्याच्या तळटीपांतील खोंचक विनोदाचें कौतुक होतें. तो विनोद खंडाच्या शेवटीं पडून राहता, तर किती जणांनीं वाचला असता कोण जाणे.

ही पद्धति आपल्या इतिहासांत इंग्रजांबरोबर आली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या पानांच्या तळाशीं मराठी व फारसी कागदांचे आधार दिलेले आहेत, आणि अनेक हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविल्याचेंही त्यानें नमूद केलें आहे. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७ सालीं पुण्यास ग्रँट डफवरील आपली टीका वाचली. एका परक्या अधिकाऱ्याच्या ग्रंथाला इकडील विद्यार्थ्यानें त्याच्याच पुराव्याच्या कसोटीवर घांसून पाहण्याचा तो पहिला महत्त्वाचा प्रसंग होय. पुढें शोध करणारांना त्या नकला सोसायटींत मिळाल्या नाहींत. येथें तळटीपेचें खरें स्वरूप उघडें पडतें. तळटीप ही एक हुंडी आहे. ती ज्या पेढीवर काढली ती पेढी बुडाली असली तरी हुंडीवरचें नांव, रक्कम आणि मिति यांवरून व्यवहार काय होता याचा थांग लागतो. ग्रँट डफनें ते आधार दिले नसते तर काय हरवलें तेंही आपल्याला कळलें नसतें.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला आणि हा संबंधच उलटा केला. आतां कागद वर आला आणि इतिहासकार खालीं किंवा प्रस्तावनेंत गेला. मिति नसलेल्या पत्राची मिति आंतल्या पुराव्यावरून ठरवावयाची, नुसत्या 'दादा', 'नाना', 'तात्या' या संबोधनांवरून माणूस ओळखावयाचा, हें काम पत्राला धक्का न लावतां करावयाचें, तर संपादकाला स्वतःची जागा वेगळी राखणें भागच होतें. वा. सी. बेंद्रे यांचें 'साधन-चिकित्सा' १९२८ सालीं निघालें, तोंपर्यंत मराठी वाचकांत एक वर्ग असा तयार झाला होता कीं, जो पुस्तक हातीं घेतांच आधीं पानाचा तळ पाहत असे. हा वर्ग लहान होता, पण त्याचा दरारा मोठा होता. तळ कोरा दिसला म्हणजे तो पुस्तक खालीं ठेवी.

परंतु पानाच्या तळाचें सर्वांत भव्य शास्त्र महाराष्ट्रांत उभें राहिलें तें इतिहासाच्या नव्हे, महाभारताच्या निमित्तानें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ मध्यें हातीं घेतलें. १९२५ सालीं विष्णु सीताराम सुखठणकर प्रधान संपादक झाले. १९३३ मध्यें त्यांचें आदिपर्व पुरें झालें, आणि सर्व पर्वें संपावयास १९६६ साल उजाडलें. एकंदर १२५९ हस्तलिखितें या कामाकरितां पाहिलीं गेलीं असें संस्था सांगते. काश्मीरच्या शारदा लिपींतील पोथी एक म्हणते, मलबारची दुसरें म्हणते, बंगालची तिसरें. हीं सारीं मतें एका पानावर नांदवावयाचीं कशीं?

सुखठणकरांनीं ठरविलेली पानाची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. माथ्यावर निश्चित केलेली संहिता. त्यांतही जो शब्द पूर्ण खात्रीचा नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ. म्हणजे संपादकाचा संशय देखील वाचकाला डोळ्यांनीं दिसतो. खालच्या भागांत पाठभेद, कोणत्या पोथींत कोणता शब्द आहे तो संक्षिप्त खुणांनीं. कांहीं पोथ्यांतच आढळणाऱ्या व म्हणून संहितेंत न घेतलेल्या ओळी, तारांकित अंक देऊन, त्याच पानाच्या तळाशीं. आणि असा उतारा फार लांब असला तर त्याची रवानगी पर्वाच्या अखेरच्या परिशिष्टांत. म्हणजे टीप कोठें ठेवावी याला येथें निश्चित तत्त्व आहे: जें वाचतांना डोळ्यांसमोर हवें तें तळाशीं, जें स्वतंत्रपणें वाचावयाचें तें शेवटीं. संपादकाला नको वाटलें म्हणून कांहींही फेकून दिलेलें नाहीं. संहितेला अन्याय झाला असें ज्याला वाटेल त्यानें तळाचा मजकूर उचलून आपली संहिता बनवावी, इतकी मोकळीक या मांडणींत आहे.

या रेघेचा अर्थ किती गंभीर आहे, याचीं दोन उदाहरणें देतों. व्यास सांगताहेत आणि गणपति लिहून घेतो आहे, हें चित्र आपल्या घराघरांत आहे. आदिपर्वाच्या चिकित्सक संहितेंत तें नाहीं. तो प्रसंग परिशिष्टांत गेला आहे, कारण पोथ्यांचा पुरावा त्याच्या बाजूचा नाहीं. दुसरें द्रौपदीवस्त्रहरणाचें. फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितानें संपादिलेलें सभापर्व १९४४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत वस्त्रामागून वस्त्र प्रगट होतें, परंतु द्रौपदीचा कृष्णाला धांवा आणि कृष्णानें धांवून येणें हें संहितेंत नसून रेघेखालीं आहे. आमच्या आयाबायांनीं कीर्तनांत ज्या प्रसंगीं डोळे पुसले, तो प्रसंग विद्वानांनीं टीपेंत टाकला, म्हणून कोणाला वाईट वाटेल. मला स्वतःला त्यांत संपादकाची निष्ठुरता दिसत नाहीं. उलट, टाकूनही जपून ठेवण्याची ही रीत मोठी सभ्य वाटते. त्या ओळी कोणत्या प्रांतांतील कोणत्या पोथ्यांत आहेत, हें तेथें शब्दाशब्दानें दिलें आहे. भक्ति देशांत कोणत्या वाटेनें पसरली याचा अभ्यास करणाराला त्या तळाच्या ओळीच संहितेहून अधिक कामाच्या.

आतां अशीं पानें छापखान्यांत प्रत्यक्ष कशीं तयार होत? जुळारी मजकुराचे खिळे जुळवून लांब गॅलींत ठेवी. टीपा लहान टंकांत निराळ्या जुळवीत. गॅलीचीं मुद्रितें तपासून झालीं कीं पानें लावावयाचीं, आणि खरी कसोटी येथेंच लागे. ज्या ओळींत टीपेचा अंक आहे ती ओळ ज्या पानावर येईल त्याच पानाच्या तळाशीं टीप आली पाहिजे. टीप सहा ओळींची असेल तर मजकुराच्या तितक्या ओळी पुढच्या पानावर ढकलावयाच्या. पण ढकललेल्या ओळींतच तो अंक असला तर? मग टीपही पुढें जाते, आणि या पानाच्या तळाशीं रिकामी जागा उरते. अशा वेळीं अनुभवी जुळारी ओळींमधील शिशाच्या पट्ट्या कमीजास्त करून, एखादा परिच्छेद सैल करून, किंवा टीपेचा उत्तरार्ध पुढच्या पानावर नेऊन वेळ निभावी. प्रत्येक पानावर टीपांचे अंक नव्यानें एकापासून सुरू करण्याची किंवा नुसत्या फुल्या व कट्यारी वापरण्याची जुनी चाल होती. पान लावतांना ओळ सरकली कीं अंकही बदलावा लागे. जे लेखक शेवटच्या मुद्रितावर नवी टीप घालीत त्यांच्याविषयीं छापखान्यांत काय बोललें जात असेल तें न लिहिलेलेंच बरें.

वऱ्हाडच्या अभ्यासकाला हा सारा विचार इतरांपेक्षां अधिक जवळचा वाटावा याला कारण आहे. आमचा प्रांत बराच काळ निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखालीं होता. १८०३ मध्यें भोसल्यांचा हक्क गेला. १८५३ मध्यें कारभार इंग्रजांकडे आला. १९०२ सालीं कायमचा पट्टा झाला आणि पुढच्याच वर्षीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. धनी जितके, दप्तरें तितकीं. एकाच परगण्याचे कागद हैदराबादेस, नागपुरास, पुण्यास आणि लंडनला सांपडतात, आणि उरलेले देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत. यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला, यवतमाळास यशवंत खुशाल देशपांडे यांनीं महानुभावांच्या पोथ्या उजेडांत आणल्या, त्या काळांत यांपैकीं पुष्कळ वाडे उभे होते. मागाहून वाडे पडले, वांटण्या झाल्या, रुमाल रद्दींत गेले. म्हणून वऱ्हाडच्या इतिहासावरील जुन्या पुस्तकांत किंवा प्रबंधांत 'अमक्या गांवच्या अमक्या घराण्याच्या दप्तरांतील पत्र' अशी एका ओळीची टीप दिसली, तर पुष्कळदां त्या दप्तराचा तेवढाच पुरावा शिल्लक असतो. अशी टीप जर मजकुरापासून तुटली, तिचा अंक चुकला किंवा ती गळालीच, तर वरचें वाक्य निराधार होतें.

अमरावती विद्यापीठ १९८३ सालीं झालें. त्यापूर्वीं इकडील प्रबंध नागपूर विद्यापीठाकडे जात, आणि ते टंकयंत्रावर तयार होत. टंकलेखकाची एक युक्ति होती. तो कागदाच्या मागें दुसरा जाड कागद घाली, व त्याच्या कडेला ओळींचे अंक खालून वर लिहिलेले असत. टीपेला चार ओळी लागणार असें हस्तलिखितावरून ताडून तो मजकूर तितक्या ओळी आधीं थांबवी, अधोरेषेची कळ दाबून आडवी रेघ ओढी, आणि टीप बसवी. अंदाज चुकला तर पान पुन्हां. खालच्या कार्बनच्या प्रतीही पुन्हां. या कष्टांचा एक अप्रत्यक्ष फायदा असा कीं, विद्यार्थी निष्कारण टीपा देत नसे. टंकलेखकाची मुद्राच त्याला आवर घाली.

नंतर संगणक आला, आणि प्रथम त्यानें तळटीपेचें भलें न करतां वाईटच केलें, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आलेली नाहीं. डोनल्ड नुथ या अमेरिकन गणितज्ञानें १९७७-७८ च्या सुमारास, स्वतःच्या ग्रंथाचीं मुद्रितें कुरूप आलीं म्हणून, अक्षरजुळणीची टेक् नांवाची प्रणाली रचावयास घेतली. तींत तळटीप बसविण्याचा विचार मूळ रचनेंतच होता. परंतु आपल्याकडील छापखान्यांत १९९० च्या आसपास व पुढें जी प्रणाली घरोघर झाली ती पेजमेकर, तिच्या जोडीला श्रीलिपीसारखे मराठी टंक. पेजमेकरमध्यें तळटीपा आपोआप बसविण्याची सोयच नव्हती. टीप हवी तर निराळा चौकोन करून हातानें पानाच्या तळाशीं नेऊन ठेवावयाचा, आणि वरच्या मजकुरांत एक ओळ वाढली कीं तो सारा खेळ पुन्हां मांडावयाचा. साहजिकच मुद्रकांनीं लेखकांना सुचविलें कीं, टीपा प्रकरणाच्या शेवटीं घेऊं या. लेखकांनीं मान डोलावली. त्या दशकांतील मराठी वैचारिक पुस्तकें काढून पाहावीं. तळ कोरे आणि प्रकरणांच्या शेवटीं आठ-आठ पानें टीपा, हा प्रकार त्यांत सर्रास दिसेल. पुष्कळांना ती त्या काळाची अभिरुचि वाटते. मला ती एका प्रणालींतील उणीव वाटते. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्यें तळटीपेची सोय २००५ सालीं आली, तोंवर एका पिढीच्या वाचकांची तळाकडे पाहण्याची संवय मोडली होती.

राजापेठेंतील त्या तरुणाच्या यंत्रावर वर्ड नांवाची जी प्रणाली आहे, ती या बाबतींत पुष्कळच सुसंस्कृत आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ या तीन कळा एकदम दाबल्या कीं मजकुरांत अंक उमटतो व तळाशीं टीपेची जागा तयार होते. मजकूर सरकला कीं टीप त्याच्यामागून सरकते. मध्यें नवी टीप घातली तर पुढचे सारे अंक आपोआप बदलतात. अंक सबंध प्रबंधभर सलग ठेवावे, प्रत्येक भागांत नव्यानें सुरू करावे कीं प्रत्येक पानावर, हें ठरवितां येतें. टीप पानाच्या अगदीं तळाशीं ठेवावी कीं मजकूर जेथें संपेल तेथें लगेच, हेंही. प्रकरणाचें शेवटचें पान अर्धेंच भरलेलें असेल तर हा दुसरा पर्याय टीपेला मजकुराच्या पोटाशीं आणून ठेवतो. मला तो पसंत नाहीं. टीप नेहमीं एकाच जागीं सांपडली पाहिजे.

कांहीं खांचाखोंचा मात्र सांगितल्याशिवाय कळत नाहींत. टीप काढून टाकावयाची असेल तर तळाचा मजकूर पुसून उपयोग नाहीं. वरचा अंक पुसावा लागतो, तेव्हां दोन्ही जातात. तळाची आडवी रेघ बदलावयाची तर पान 'ड्राफ्ट' रूपांत पाहावें लागतें, एरवीं ती हातीं लागत नाहीं. लांब टीप पुढच्या पानावर वाहून गेली आणि तिच्यावर निराळी, अधिक लांब रेघ दिसली, तर तो बिघाड नव्हे. ही मागची टीप पुढें चालू आहे अशी ती खूण होय. आणि मजकुराच्या ओळींमधील अंतर सक्तीनें बांधून ठेवलें असेल, किंवा दोन ओळी कधींच वेगळ्या होऊं नयेत असा नियम लावलेला असेल, तर जुन्या जुळाऱ्यापुढें उभी राहणारी तीच अडचण यंत्रापुढें उभी राहते. तें बिचारें ओळ खालीं नेतें, टीप तिच्यामागून जाते, आणि पानाच्या तळाशीं चार बोटें पांढरी जागा उरते. विद्यार्थी ती जागा भरण्यासाठीं रिकाम्या ओळी मारतो, आणि पुढच्या चाळीस पानांची घडी विस्कटते. येथें इलाज एकच, मजकूर पुरा कायम होईपर्यंत पानांच्या दिसण्याकडे पाहूंच नये.

देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. रोमन लिपींत शब्दाच्या माथ्याला पुष्कळदां मोकळी जागा असते, तेथें टीपेचा चिमुकला अंक सुखानें बसतो. आपल्या अक्षरांच्या माथ्यावर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांची गर्दी. 'पत्रांतही' या शब्दानंतर लगेच चढविलेला अंक वेलांटीला जाऊन भिडतो. म्हणून अंक विरामचिन्हानंतर द्यावा, आणि वाक्याच्या शेवटीं द्यावा, ही चाल मराठींत केवळ शिस्तीची नसून डोळ्यांच्या सोयीची आहे. टीपांचा टंकही इंग्रजी पुस्तकांच्या मापानें फार बारीक करूं नये. जोडाक्षरांचे पाय एकमेकांत अडकतात.

मग खालीं काय आणि शेवटीं काय? माझा विद्यार्थ्यांना सांगण्याचा शिरस्ता असा आहे. जी टीप वाचल्यावांचून वरच्या वाक्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं, ती पानाच्या तळाशीं: कागदाचा आधार, पाठभेद, मितीचा निर्णय, विरुद्ध मत. जें दहा ओळींहून लांब गेलें तें टीप नव्हे. त्याला परिशिष्ट करावें किंवा मजकुरांत मानाची जागा द्यावी. आपण किती वाचलें हें दाखविण्यासाठीं दिलेली टीप कोठेंच नको. संगणकावर वाचावयाच्या पुस्तकांत पानच निश्चित नसतें, अक्षर मोठें केलें कीं पान बदलतें. तेथें तळ हा शब्दच निरर्थक होतो, आणि अंकाला बोट लावतांच टीप उघडते. ही सोय ह्यूमला आवडली असती असें वाटतें. मात्र उघडलेली टीप मिटल्यावर वाचणारा मूळ ओळीवर परत येतो कीं नाहीं, हें पुस्तक कोणी व कसें बांधलें यावर अवलंबून असतें.

सध्यां मात्र अधिक निकडीचें काम निराळेंच आहे. १९९० ते २०१० या काळांतील पुष्कळ मराठी प्रबंध युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले आहेत. त्या टंकांत संगणकाच्या आंत अक्षरें रोमनच असतात, वर फक्त मराठी मुखवटा चढविलेला असतो. टंक नसलेल्या यंत्रावर उघडलें कीं सारें पान निरर्थक चिन्हांचें होतें. म्हणून असे प्रबंध आतां युनिकोडमध्यें नेले जात आहेत, आणि सर्वांत सोपी रीत म्हणजे सगळा मजकूर उचलून रूपांतर करणाऱ्या खिडकींत टाकणें. असा मजकूर उचलला म्हणजे वरची संहिता तेवढी जाते. तळटीपा मागें राहतात. जेथें अंक राहतात तेथेंही त्यांच्याभोंवतालचीं रोमन अक्षरें मराठी समजून बदललीं जातात, आणि एखाद्या इंग्रजी ग्रंथाच्या नांवाच्या जागीं अर्थहीन जोडाक्षरांची माळ उमटते. रूपांतर झालेला प्रबंध वरून स्वच्छ दिसतो, वाचतांही येतो. त्यामुळें कांहीं गळालें आहे अशी शंका येत नाहीं. यावर उपाय आहे तो कष्टाचा. रूपांतरापूर्वीं टीपांची संख्या मोजून ठेवावी, टीपा अंकांसह निराळ्या उतरवून त्यांचें रूपांतर स्वतंत्र करावें, रोमन नांवें त्यांतून वगळावीं, आणि मग एकेक टीप तिच्या ओळीपाशीं परत बसवावी. जुनी छापील प्रत शेजारीं उघडी असेल तरच हें जमतें, आणि अशा प्रबंधांच्या छापील प्रती पुष्कळदां ग्रंथालयांत एकेकच आहेत.